'फ्रेम पेसिंग'ला मराठीत काय म्हणाल?

ऐरोलीकर: भाच्याने माझ्या जुन्या पीसीवर गाड्यांच्या शर्यतीची जुनी गेम टाकलीय. कोपऱ्यात सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) येतात त्याचा आकडा 60 दिसतो, तरी वळणावर चित्र गचके खातं. तो म्हणतो 'लॅग होतंय', दुकानदार म्हणतो 'रॅम वाढवा'. नेमका शब्द कोणता?

कोपरीचा काका: लॅग नाही. लॅग म्हणजे उशीर, बटण आत्ता दाबलं आणि गाडी मागाहून वळली. तुमचं दुखणं 'फ्रेम पेसिंग'चं, म्हणजे फ्रेम सारख्या अंतराने न येण्याचं. 60 फ्रेम म्हणजे दर 16.7 मिलीसेकंदांनी एक यायला हवी. एक 8 मध्ये आली, पुढची 25 मध्ये, तरी सरासरी साठच्या आसपासच. ट्रान्सहार्बरला तासाच्या सगळ्या गाड्या सुटल्या, पण दोन पाठोपाठ आणि मग बराच वेळ काहीच नाही, तसं. रॅमचे पैसे तूर्तास खिशातच ठेवा.

वाशीची मावशी: 'अनियमित चौकट-अंतराल' असा शब्द कुणी सुचवायच्या आत सांगते, 'लय' घ्या. गाण्यात दोन मात्रांमधल्या अंतरावरच लय ठरते. फ्रेमची लय बिघडली, की गचके बसतात.

घोडबंदर: 'फ्रेमची लय' ठीक, पण आमच्याकडे पोरं 'लय फ्रेम' म्हणजे भरपूर फ्रेम असंच वाचणार :)

वाशीची मावशी: वाचू देत. वाक्यात घातलं की कळतं.

ऐरोलीकर: काका, मग लय बसवायची कशी?

कोपरीचा काका: रिवाट्यूनर हे फ्रेम मोजायचं सॉफ्टवेअर टाका, त्यात फ्रेमटाइमचा, म्हणजे दर फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा, आलेख लावा. आकड्याकडे बघू नका, रेघेकडे बघा. करवतीसारखी दिसली तर त्यातच 60 ची मर्यादा घाला. मॉनिटर 60 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 60 फेऱ्यांत चित्र बदलणारा, असेल तर व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या फेरीशी जुळवणारी सोय) लावून 45 वर बांधू नका. काही फ्रेम एक फेरी टिकतात, काही दोन, आणि गचके कायम. 60 झेपत नसेल तर सरळ 30. गेम डायरेक्टएक्स 9 (विंडोजची जुनी ग्राफिक्स प्रणाली) ची असेल आणि ग्राफिक्स कार्डाला वल्कन ही नवी प्रणाली चालत असेल, तर जुन्याचं नव्यात भाषांतर करणाऱ्या डीएक्सव्हीकेची फाइल गेमच्या फोल्डरात टाकून बघा. त्याहून जुनी असेल तर तसंच काम करणारं डीजीव्हूडू.

घोडबंदर: एक सांभाळा. 'जीटीए: सॅन अँड्रियास' या गेममध्ये आतला फ्रेम लिमिटर (फ्रेमची मर्यादा) काढला, की पाण्यात माणूस रखडत पोहतो. जुन्या गेमचं आतलं गणितच कधी कधी फ्रेमवर चालतं.

ऐरोलीकर: रेघ करवतच निघाली, मर्यादा घातल्यावर बरीच सपाट झाली. आता भाचा विचारतोय, 'तो गेम' की 'ती गेम'?

वाशीची मावशी: त्यासाठी वेगळा धागा काढा बाई, इथे रात्र सरेल.