तार आवळलेल्या फांदीचीच पानं पिवळी काहून पडली?

संत्रावाला_काटोल:
नमस्कार मंडळी, आमची काटोलजवळ संत्र्याची बाग आहे, जंबेरी लिंबाच्या खुंटावर कलम केलेली झाडं, 12 वर्षांची. मागच्या आंबिया बहाराला एका झाडाची एक फांदी फळांच्या भारानं मोडायला आली होती म्हणून बांबूचा टेकू दिला आणि तारेनं बांधली, तोड झाल्यावर तार काढायची राहूनच गेली. आता पाहतो तर तार सालीत रुतलेली, तिच्या वरची साल फुगलेली, आणि त्याच फांदीची पानं पिवळी, जाड, वाकवली की कडकन मोडतात. बाकी झाड हिरवंगार आहे. पण फुलं मात्र सगळ्यात जास्त त्याच फांदीवर लागली. पुतण्या नागपुरात बीएस्सी करून राहिला, तो म्हणे काका, रस खाली उतरत नाही म्हणून पानात साखर साचली. आता साखर म्हणजे झाडाचं जेवणच ना? पोट भरलेलं पान पिवळं काहून पडेल? उपाशी राहिलं असतं तर मी समजलो असतो.

जीवशास्त्र_नागपूर:
काका, पुतण्या बरोबर सांगतो आहे. पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या आत लाकडात असतात म्हणून फांदी सुकली नाही, पण पानातली साखर खाली नेणाऱ्या रसवाहिन्या सालीत असतात आणि तारेनं नेमक्या त्याच दाबल्या. वरची साल फुगली ती अडकलेल्या मालामुळेच.

आता पिवळं काहून. कळमन्याच्या बाजारात माल उठत नाही असं कळलं की आपण तोड थांबवतो ना, पान तसंच करतं. त्याच्याकडे साखर मोजायची सोय आहे. हेक्सोकायनेज नावाचं एक एन्झाइम ग्लुकोज पकडून त्याला फॉस्फेट जोडतं, हे त्याचं नेहमीचं काम, पण ग्लुकोज किती साचलं याची खबर जनुकांपर्यंत पोचवायचं कामही तेच करतं. 2003 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस नावाच्या छोट्या रोपात या एन्झाइमची फॉस्फेट जोडायची ताकदच काढून टाकली, तरी खबर पोचतच होती! म्हणजे साखर पचवणं वेगळं आणि साखर आहे हे ओळखणं वेगळं. मला हा प्रयोग पहिल्यांदा समजला तेव्हा रात्रभर तोच डोक्यात होता.

खबर पोचली की प्रकाशसंश्लेषणाची जनुकं मंदावतात, म्हणजे रुबिस्को (हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारं एन्झाइम) बनवणारं, हरितद्रव्याला धरून ठेवणारी प्रथिनं बनवणारं वगैरे. मक्याच्या सुट्या पेशींना साखर देऊन हे 1990 मध्येच दाखवलं गेलं होतं. जुनी प्रथिनं मोडतात, नवी बनत नाहीत, हिरवेपणा जातो. शिवाय उरलेल्या साखरेचं स्टार्च होऊन हरितलवकांत साठतं, दाणे फुगून आतली रचनाच बिघडते. पान जाड आणि कडक लागतं त्यात या स्टार्चचा वाटा आहे.

वरूडचा_शेतकरी:
काटोलवाले भाऊ, तुमी फुलाचं लिहिलं ते वाचून मले आमचा ताण आठवला. आंबिया बहाराले आपन डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडतो, नवी पालवी थांबते पन पानं ऊन तर खातच असतात, तवा साखर झाडातच जमा होते असं आमाले प्रशिक्षणात सांगितलं होतं. हलक्या जमिनीत ताण लवकर बसते, आमच्या भारी काळ्या जमिनीत बसता बसत नाही, ओल खाली राहूनच जाते. मंग तार आवळली अन् ताण देला, दोन्हीत कारण एकच का?

जीवशास्त्र_नागपूर:
दादा, बऱ्यापैकी सारखंच, पण ताणात थंडीचा आणि मुळांकडून येणाऱ्या संदेशांचाही हात असतो, सगळं साखरेवर टाकू नका. साखरेचा भाग असा की झाडात ट्रेहॅलोज-6-फॉस्फेट नावाची एक साखर अगदी चिमूटभर असते, सुक्रोज म्हणजे आपली नेहमीची साखर वाढली की ती वाढते. ती स्नर्क-1 नावाच्या प्रथिनाला दाबते, आणि हे स्नर्क-1 म्हणजे टंचाईत खर्च थांबवणारं प्रथिन. अरॅबिडॉप्सिसमध्ये 2013 ला दिसलं की ही साखर कमी पडली तर फुलं उशिरा येतात. साल कापलेल्या लिंबूवर्गीय झाडांत फुलं आणणाऱ्या जनुकाची हालचाल वाढलेलीही दिसली आहे. म्हणून त्याच फांदीवर पानं पिवळी आणि फुलं भरपूर, दोन्ही एकदम.

रोपवाटिका_अमरावती_रोड:
सगळं पटलं, पण काका एक सावधगिरी घ्या. ग्रीनिंग या संत्रा-लिंबाच्या रोगातही रसवाहिन्या बंद होऊन पानात असाच स्टार्च साचतो, आणि तो सायला किडीमुळे पसरतो. तुमच्याकडे एकच फांदी आहे आणि तारही दिसते म्हणून भीती कमी, पण दुसऱ्या झाडांवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे पिवळे चट्टे दिसले तर पानं आपल्या नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत तपासायला द्या. घरी पाहायचं असेल तर पहाटे दोन पानं तोडा, एक त्या फांदीचं, एक चांगल्या फांदीचं. वेगवेगळ्या पॉलिश पेपरनं घासा, ते पेपर थोड्या पाण्यात बुडवून आयोडीनचे दोन थेंब टाका. स्टार्च साचला असेल तर पाणी काळंनिळं होतं. मात्र यानं तार की ग्रीनिंग हे कळणार नाही, फक्त साचलंय की नाही तेवढंच कळेल.

संत्रावाला_काटोल:
सगळ्यांचे आभार. आज पहाटे पुतण्याला घेऊन केलं, पिवळ्या पानाचं पाणी कोळशासारखं काळं झालं, हिरव्याचं नुसतं चहासारखं राहिलं. तार पकडीनं कापली, काही ठिकाणी सालीनं तिला गिळलंच होतं तिथं ओढली नाही, तशीच ठेवली. फुलं खूप आहेत म्हणून फळं बोराएवढी झाली की निम्मी काढून विरळ करतो, फांदीत दम नाही. बाकी सगळ्या टेकूंच्या तारा काढून सुतळी बांधायला माणूस लावला आहे. चट्टे कुठंच दिसले नाहीत, तरी उद्या पूर्ण बाग ओळीनं फिरून पाहतो.