शब्दचर्चा : 'राष्ट्रीयीकरण' की 'सार्वजनिक मालकी'?

अनुवादक : ब्रिटनच्या संसदेने २०२४ मध्ये केलेल्या प्रवासी रेल्वे सेवांच्या कायद्यावरील एका लेखाचा मी अनुवाद करत आहे. मी 'पुनर्राष्ट्रीयीकरण' लिहिले होते. संपादकांनी ते खोडून 'सार्वजनिक मालकी' केले. कायद्याच्या नावात 'पब्लिक ओनरशिप' आहे हे खरे, परंतु मराठी वाचकाला यातून नेमका बोध होईल का?

सिग्नल : दोन्ही शब्द मला पटत नाहीत. रूळ आणि बहुतेक स्थानके 'नेटवर्क रेल' या सरकारी संस्थेकडे आधीपासूनच आहेत, डबे प्रामुख्याने भाड्याने देणाऱ्या खासगी कंपन्यांचे आहेत आणि या कायद्यानंतरही ते त्यांचेच राहतात. खासगी कंपन्यांचे करार संपतील तसतसे गाड्या चालवण्याचे काम सरकारी कंपनीकडे येते, आणि मे २०२५ मध्ये साउथ वेस्टर्न रेल्वेपासून याची सुरुवातही झाली. १९४८ मध्ये भागधारकांना मोबदला देऊन रेल्वे कंपन्याच घेतल्या होत्या. त्याला राष्ट्रीयीकरण म्हणावे. येथे 'सरकारी संचालन' म्हणावे.

शब्दवेल्हाळ : 'सार्वजनिक' म्हणजे सर्वांना खुले. सार्वजनिक वाचनालय बहुधा एखाद्या संस्थेचे असते, सरकारचे नव्हे. शिवाय 'मालकी' अरबीतून आलेला. 'स्वामित्व' का नको?

सिग्नल : सातबाऱ्याशी व्यवहार करणाऱ्या माणसाला 'मालकी' परकी वाटत नाही, 'स्वामित्व' मात्र वाटेल. आणि 'सार्वजनिक क्षेत्रातील बँक' म्हटल्यावर ती सरकारी हे सर्वांना कळते.

वऱ्हाडकर : मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरची 'शकुंतला' ही गाडी मध्य रेल्वे चालवत असे, पण मार्ग खासगी कंपनीचा होता, म्हणून आमचे आजोबा तिला अखेरपर्यंत 'कंपनीची गाडी' म्हणत. उलट जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे सरकारने १९०० मध्ये विकत घेतली, तरी १९२५ पर्यंत चालवली कंपनीनेच. मालकी एकाची आणि चालवणे दुसऱ्याचे, हा भेद आपल्याकडेही जुना आहे. लोक सरळ 'सरकारने ताब्यात घेतली' म्हणतात, तेच लिहावे.

अनुवादक : 'ताब्यात घेणे' यात मला जप्तीची छटा जाणवते. येथे करार संपल्यावर सेवा सरकारकडे येते.

वऱ्हाडकर : घराची विक्री झाली की आपण 'ताबा दिला' म्हणतो, त्यात कसली जप्ती?

शब्दवेल्हाळ : 'ताबा'ही अरबीच. 'स्वाधीन' घ्या.