सामन्याच्या आकड्यांवर सोडत काढून निधी जमवायचा आहे, कशी करावी?

अभ्यासिका_ताई:
आमचा गट मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. पुस्तकं आणि बाकं घ्यायची आहेत. क्रिकेटच्या अंतिम सामन्याच्या दिवशी तिकिटं विकून सोडत काढावी, असं सगळ्यांच्या मनात आहे. नुसत्या चिठ्ठ्या उचलण्यापेक्षा सामन्याशी जोडलेलं काही हवंय. कुणी केलंय का? वाद कसे टाळायचे?

गुणलेखक:
आमच्या क्लबसाठी करतो, आणि मनापासून सांगतो, जरूर करा. शंभर घरांचा तक्ता काढा: दहा आडव्या ओळी, दहा उभ्या. एक घर म्हणजे एक तिकीट. घेणाऱ्याने घर निवडायचं, त्यात नाव लिहायचं. सगळी घरं गेली की मगच ० ते ९ आकडे चिठ्ठ्या काढून दोन्ही कडांना लिहायचे, तेही सर्वांसमोर. वरचा आकडा पहिल्या डावाच्या धावसंख्येतला शेवटचा, डावीकडचा दुसऱ्या डावातला. २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात भारत २४०, ऑस्ट्रेलिया २४१, म्हणजे ० आणि १ चं घर जिंकलं असतं. २०११ मध्ये श्रीलंका २७४, भारत २७७: ४ आणि ७.

घर आधी, आकडे नंतर, हा क्रम मोडू नका. पाठलाग यशस्वी झाला की दुसरी धावसंख्या पहिलीच्या जेमतेम पुढे असते, त्यामुळे काही जोड्या जास्त वेळा लागतात. जाणकाराला हे माहीत असतं, नवख्याला नसतं. आकडे मागाहून पडले की दोघं एका पातळीवर येतात.

पहिला डाव संपला की दहाच घरं उरतात. तेव्हा तक्त्याभोवती जी गर्दी जमते, ती मला सामन्याइतकीच आवडते. ज्यांना क्रिकेटचं काही पडलेलं नाही, तेही एकेक धाव मोजत असतात.

वादाचं म्हणाल, तर २०१९ चा अंतिम सामना आठवा. इंग्लंड २४१, न्यूझीलंड २४१, सुपर ओव्हरमध्येही १५-१५. सुपर ओव्हरच्या धावा धरायच्या का, हे तुमच्या तिकिटावर छापलेलं हवं. (आम्ही धरत नाही.) पावसाने षटकं कमी झाली तर प्रत्यक्ष काढलेल्या धावा धरा, सुधारित लक्ष्य नाही. सामनाच रद्द झाला तर शंभर नावांतून एक चिठ्ठी. बक्षीस विकत घेऊ नका, कुणाकडून तरी भेट मिळवा. तिकिटाचा पैसा मुलांच्या बाकांसाठीच जमतोय, हे लोकांना दिसलं पाहिजे.

डावा_विंगर:
फुटबॉलला हा तक्ता चालत नाही. गोल ०, १, २ यांतच अडकतात, बाकीची घरं वाया. त्याऐवजी पहिल्या गोलचं मिनिट: १ ते ९० अशी तिकिटं. २०२२ च्या अंतिम सामन्यात मेस्सीची पेनल्टी २३व्या मिनिटाला होती. ४५ आणि ९० मध्ये भरपाईची वेळ मिसळते, ही दोन तिकिटं जड पडतात, म्हणून निवडू न देता चिठ्ठीनेच वाटायची. आणि गोलच झाला नाही तर काय, तेही ठरवा. १९९४ चा ब्राझील-इटली अंतिम सामना जादा वेळेनंतरही ०-० होता.

हिशेबनीस:
तिकिटं छापण्याआधी कायदा पाहा. पैसे घेऊन नशिबावर बक्षीस दिलं की बहुतेक ठिकाणी ती लॉटरी ठरते. भारतात लॉटरीची मुभा राज्य सरकारांपुरती आहे, १९९८ च्या कायद्यात त्याच्या अटी आहेत. ब्रिटनमध्ये २००५ च्या कायद्याने छोट्या संस्था स्थानिक परिषदेकडे नोंदणी करून तिकिटं विकू शकतात. किमान २० टक्के रक्कम त्या कामालाच जावी लागते. परवानगी नसेल तर बक्षिसाचा नाद सोडा आणि वचनदेणगी घ्या: दर चौकारामागे इतके, दर षटकारामागे इतके.

अभ्यासिका_ताई:
आमच्याकडे परवानगी मिळणं अवघड दिसतंय. वचनदेणगी पटली. पण एखाद्या सामन्यात षटकारांचा पाऊस पडला तर देणारा अडचणीत येईल ना?

गुणलेखक:
येईल, म्हणून प्रत्येकाकडून वरची मर्यादा लिहून घ्या. एकाच संघाचे मोजायचे की दोन्ही, तेही लिहा. आणि तक्ता टाकून देऊ नका. तो फुकट ठेवा, देणगी देवो न देवो, येणाऱ्या प्रत्येकाला एक घर, बक्षीस काही नाही. मुलांनाच चौकारांची नोंद ठेवायला बसवा. फळ्यावर रक्कम चढताना त्यांना दिसू दे.