पक्षी-वनस्पती ओळख गट एक्सवरून हलवायचा आहे: मॅस्टोडॉन, ब्लूस्काय की थ्रेड्स?

कोकणकडा
सह्याद्रीतले पक्षी, फुलपाखरे, झाडे यांचे फोटो टाकून ओळख पटवणारा चाळीसेक जणांचा गट सध्या एक्सवर आहे. लॉगिन केल्याशिवाय तिथे शोधता येत नाही आणि चर्चाही धड दिसत नाही, त्यामुळे नवखा माणूस जुन्या नोंदींपर्यंत पोचतच नाही. नवी जागा अशी हवी: मराठीत ऐसपैस लिहिता यावे, एका पोस्टमध्ये तीन-चार फोटो बसावेत, खाते नसलेल्यालाही वाचता यावे. शिवाय जागा बंद पडली तरी माणसे विखुरू नयेत. कू हे ट्विटरसारखे भारतीय ॲप जुलै २०२४मध्ये बंद झाले, तसे पुन्हा नको. व्हॉट्सॲप आणि डिस्कॉर्ड नकोत, आतले काहीच गूगलवर सापडत नाही.

तांबट
तुमच्या गटासाठी ब्लूस्काय. आधी लांबीचे बघू. एक्स २८० मोजताना काना, मात्रा, वेलांटी सगळे वेगळे धरते. ब्लूस्कायची मर्यादा ३००ची, पण अक्षर मात्रेसकट एकच धरले जाते. ‘फुलपाखरू’ एक्सवर ८, ब्लूस्कायवर ५. म्हणजे मराठी मजकूर सहज दीडपट बसतो. फोटो चार. फेब्रुवारी २०२४पासून निमंत्रणही लागत नाही.

दोन सेटिंग्ज सगळ्यांनी पहिल्याच दिवशी बघा. लॉगिन न केलेल्यांना खाते दाखवू नये, असा पर्याय प्रायव्हसीत आहे, तो बंदच हवा. दुसरे, पोस्ट लिहिताना खाली भाषा निवडता येते, तिथे मराठी करा. बहुतेक जण ती इंग्रजीच ठेवतात, मग मराठीपुरत्या बनवलेल्या फीडमध्ये (निवडक पोस्टच्या यादीत) त्यांची पोस्ट येतच नाही आणि फीड बिघडले असे वाटते.

गट एकत्र आणायला ‘स्टार्टर पॅक’ करा. त्यात १५० जण मावतात, एका दुव्यावरून नवा माणूस सगळ्यांना एकदम फॉलो करतो. नंतर स्कायफीडसारख्या साधनाने तुमच्या हॅशटॅगचे स्वतंत्र फीड बनवा. हॅशटॅग आधीच ठरवून घ्या. ‘फुलपाखरू’ आणि ‘फुलपाखरु’ ही यंत्राच्या लेखी दोन वेगळी नावे आहेत, आणि निम्म्या नोंदी अशाच हरवतात.

पाणकणीस
लांबीचे पटले, निष्कर्ष नाही. मूळ प्रश्न जागा बंद पडण्याचा आहे, आणि ब्लूस्कायवर बहुतेकांचा डेटा अजून एकाच कंपनीच्या सर्व्हरवर आहे. मॅस्टोडॉन २०१६पासून चालू आहे, सर्व्हर वेगवेगळ्या लोकांचे पण एकमेकांना जोडलेले आहेत, आपण त्यातल्या एकावर खाते उघडतो, मर्यादा ५०० अक्षरांची (मात्रा इथेही वेगळ्या मोजत नाहीत), आणि हॅशटॅगलाच थेट फॉलो करता येते. नोव्हेंबर २०१९मध्ये ट्विटरवर नाराज झालेले बरेच भारतीय तिथे गेले होते. बरेचसे टिकले नाहीत, आणि त्याचे एक कारण म्हणजे सर्व्हर निवडण्यातला गोंधळ.

तो असा टाळा. लहान सर्व्हरला बाहेरच्या पोस्ट मुख्यतः तेव्हाच कळतात, जेव्हा तिथला कोणीतरी त्या लेखकाला फॉलो करत असतो. चाळीस जण वीस सर्व्हरांवर पांगले तर तोच हॅशटॅग प्रत्येकाला वेगळा आणि अर्धवट दिसेल. म्हणून सगळे एकाच मध्यम आकाराच्या सर्व्हरवर जा, किंवा निदान एकमेकांना फॉलो करा. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीतलाच सर्व्हर घ्या. त्यातल्यांनी रोज बॅकअप, चालकाखेरीज आणखी एकाकडे तातडीचा ताबा आणि बंद करण्याआधी तीन महिन्यांची सूचना हे कबूल केलेले असते.

सर्व्हर बदलताना क्रम चुकवू नका. जुन्या खात्यातून फॉलो, ब्लॉक, बुकमार्क यांच्या याद्यांच्या सीएसव्ही फाइली उतरवा. नव्या खात्यात जुन्याचे नाव ‘दुसऱ्या खात्यावरून येत आहे’ या ठिकाणी नोंदवा. त्यानंतरच जुन्या खात्यातून स्थलांतर सुरू करा. फॉलोअर आपोआप येतात, पोस्ट मात्र जुन्या जागीच राहतात. फाइल चढवताना ‘विलीन करा’ निवडा, ‘पुसून लिहा’ निवडलेत तर नव्या खात्यात आधीच असलेली यादी जाते. एकदा हलल्यावर तीस दिवस पुन्हा हलता येत नाही.

करवंद
थ्रेड्सबद्दल थोडक्यात. ५०० अक्षरे आहेत, माणसेही भरपूर, पण सगळे मेटाच्या हातात. तिथून फॉलोअर उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. तुमची शेवटची अट तिथेच मोडते.

दोघांच्या वादात एक मधला मार्ग आहे: ब्रिजी फेड, ही दोन्ही जाळी जोडणारी सेवा. मॅस्टोडॉन किंवा ब्लूस्कायवरून या सेवेच्या ठरावीक खात्याला फॉलो केले की तुमच्या सार्वजनिक पोस्ट पलीकडच्या जाळ्यातही दिसतात. पण पलीकडून फक्त हे जोडणी केलेले लोकच दिसतात, त्यामुळे गटातल्या प्रत्येकाने ते स्वतः करायला हवे.

आणि एक्स सोडण्याआधी प्रत्येकाने आर्काइव्ह, म्हणजे आपल्या जुन्या पोस्टची प्रत, मागवून घ्या. तयार व्हायला एक दिवस किंवा जास्तही लागतो. खाते निष्क्रिय केल्यावर तीस दिवसांनी ते कायमचे जाते.

कोकणकडा
सगळ्यांचे आभार. गटातले बरेच जण तांत्रिक नाहीत, म्हणून ब्लूस्कायकडे कल आहे. गटाचे एक डोमेन आधीपासून आहे. त्यावर चाळिसांची हँडल (खात्यांची नावे) होतील का? आणि घरट्यांच्या फोटोंतून ठिकाण फुटण्याची भीती वाटते.

तांबट
होतील. प्रत्येकाला सबडोमेन (डोमेनच्या आधी टिंब देऊन जोडलेले नाव) द्या. सेटिंग्जमध्ये हँडल बदलताना ‘माझे स्वतःचे डोमेन’ निवडले की ‘डीआयडी’ने (खात्याच्या कायमच्या ओळख क्रमांकाने) सुरू होणारी एक ओळ मिळते. डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडच्या नोंदींत) टीएक्सटी रेकॉर्ड जोडा: होस्टच्या रकान्यात अंडरस्कोर एटीप्रोटो (_atproto), टिंब, त्या व्यक्तीचे सबडोमेन, व्हॅल्यूत ती ओळ जशीच्या तशी. नेहमीची चूक होस्टच्या रकान्यात होते. बऱ्याच कंपन्या मुख्य डोमेन स्वतःच जोडतात, तुम्हीही लिहिलेत तर ते दोनदा लागते आणि पडताळणी होत नाही. रेकॉर्ड बरोबर असूनही नाकारले तर तासाभराने परत बघा, डीएनएस पसरायला वेळ लागतो.

डोमेनचे नूतनीकरण विसरलात तर सगळ्यांच्या नावाजागी ‘इनव्हॅलिड हँडल’ दिसेल. फॉलोअर जात नाहीत, कारण ते डीआयडीला बांधलेले असतात. तरी डोमेनचे लॉगिन दोघांकडे असू द्या.

घरट्यांबाबत साइटवर विसंबू नका. फोनच्या कॅमेऱ्यातच लोकेशन टॅग बंद करा, जुन्या फोटोंचे स्क्रीनशॉट टाका, म्हणजे तो टॅग सोबत जात नाही. ब्लूस्कायवर खाजगी खाते नसते, सगळे उघड. म्हणून विणीच्या काळातली दुर्मीळ पक्ष्यांची नोंद फक्त जिल्ह्यापुरती ठेवा आणि पिल्ले उडाल्यावर टाका. मागे ओळखीचा कडा किंवा देऊळ दिसत असेल तर ते कापा. माहितगार माणूस तेवढ्यावरून झाड शोधतो.