सल्ला हवा: बायकांवरच्या हिंसेवरचा कोणता सिनेमा दाखवावा, आणि कसा?

गंगथडी
अंबाजोगाईत एका कॉलेजच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवायलोत. साठेक जणी येतील: कॉलेजच्या मुली, त्यांच्या आया, आसपासच्या गावांतल्या बचत गटाच्या बायका. विषय बायकांवरची हिंसा आणि तिच्यानंतरचं जगणं. वेळ अकरा ते चार, पुढं सगळ्यांना एस.टी. गाठायची असते. डोक्यात ‘दामिनी’ आणि ‘सैराट’ आहेत. कोणता घ्यावा? दाखवताना काय सांभाळावं?

रीळवाला
‘दामिनी’ (१९९३) नको. जिच्यावर अत्याचार होतो ती मोलकरीण उर्मी. तिला सिनेमात बोलायला जागाच नाही. टाळ्या पडतात त्या वकिलाच्या तारखांवरच्या भाषणाला, आणि चर्चाही तिथंच अडकते.

कोणताही सिनेमा ठरवण्याआधी हिंसेचा प्रसंग घरी एकदा आवाज बंद करून बघा. पार्श्वसंगीत गेलं की कॅमेरा कुणाच्या बाजूनं उभा आहे ते उघडं पडतं. हल्लेखोराच्या खांद्यामागून बघतोय? फाटलेल्या कपड्यांवर रेंगाळतोय? मग पुढं कितीही न्याय मिळो, तो प्रसंग बघणाऱ्याच्या चवीसाठी काढलाय. ‘इन्साफ का तराजू’वर (१९८०) टीका झाली ती याच कारणानं. दुसरी गोष्ट, घटनेनंतर त्या बाईला पडद्यावर किती वेळ मिळतो ते मोजा. ‘थप्पड’मध्ये (२०२०) मार क्षणभराचा, उरलेला सिनेमा त्याच्या परिणामांचा. ‘पिंक’मध्ये (२०१६) घटना दिसते ती थेट शेवटच्या श्रेयनामावलीत, तोवर आपण फक्त त्या मुलीच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही एवढंच उरतं. फार हुशारीची मांडणी आहे ती, पण तिथंही बोलतो वकीलच.

शेवटची_खुर्ची
‘सैराट’ (२०१६) सिनेमा म्हणून थोरच. खून दाखवलाच नाही, लेकराची रक्तानं माखलेली पावलं आणि बंद पडलेला आवाज. पण लांबी जवळजवळ तीन तास, आणि शेवटानंतर हॉलमध्ये कुणाच्या तोंडून शब्द फुटत नाही. चर्चा कधी घेणार?

आणखी एक. सगळे शेवटावर बोलतात, मधे परशा संशयापायी आर्चीला मारतो त्यावर कुणीच नाही. दाखवलाच तर पहिला प्रश्न त्याच मारावर घ्या.

समुपदेशन_बीड
मुलींना आधीच एक सांगून ठेवा. सिनेमात बाई ओरडते, प्रतिकार करते, नंतर नळाखाली अंग घासत बसते किंवा एकदम वेडी होते. खऱ्यात बऱ्याचदा अंग थिजतं, हात हलत नाही, आवाज निघत नाही. आठवण सरळ रांगेत येत नाही: एखादा वास, दाराची कडी, मधला तुकडा गायब. दुसऱ्या दिवशी तीच बाई स्वयंपाक करते, हसतेसुद्धा. पडद्यावरचं बघून बघून लोक मग म्हणतात, “हिला काही झालेलं दिसत नाही.” तक्रार उशिरा केली म्हणून खोटी, हेही तिथूनच येतं.

हॉलचं बघा:
– सुरू होण्याआधी साध्या शब्दांत सांगा की अमुक प्रसंग आहे, साधारण कधी येईल, उठून गेलं तरी चालेल.
– मागचे दोन दिवे चालू ठेवा, दाराला कडी नको. व्हरांड्यात एक जाणती बाई आणि पाणी.
– हिंसेच्या प्रसंगात आवाज कमी करा. चित्रावरून नजर काढता येते, किंकाळीपासून कान काढता येत नाहीत.
– लाईट गेली आणि प्रसंग अर्धवट तुटला तर तोच परत लावू नका, पुढून सुरू करा.

“तुमच्यापैकी कुणासोबत असं झालंय का?” हे माईकवर कधीच विचारायचं नाही. आठ-दहा जणींचे गट करा, प्रश्न पात्रांबद्दल ठेवा, आणि बिननावाच्या चिठ्ठ्यांचा डबा ठेवा. आई आणि लेक एका गटात नकोत. महिला हेल्पलाइनचा १८१, तातडीच्या मदतीचा ११२ आणि मानसिक आधाराच्या टेलिमानसचा १४४१६ हे नंबर फळ्यावर सुरुवातीपासूनच लिहा. शेवटी लिहिले तर कोण उतरवून घेतंय हे सगळ्यांना दिसतं.

काळा_कोट
दोन-तीन कायद्याच्या गोष्टी. स्वतःच्या ओटीटी खात्यावरून हॉलमध्ये दाखवता येत नाही, ते घरगुती वापराचं असतं. शैक्षणिक संस्थेला कॉपीराइट कायद्यात सूट आहे, पण ती विद्यार्थी, कर्मचारी, पालक अशा संबंधितांपुरती. बचत गटाच्या बायका आल्या की हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या. प्रमाणपत्र बघा, ‘ए’ असेल तर अठरा वर्षांखालच्या मुली बसवू नका.

चर्चेत गावातली केस निघतेच. नाव, गाव, नातं, काहीही बोलू देऊ नका. बलात्कार पीडितेची ओळख छापणं वा प्रसिद्ध करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. आणि सिनेमातलं खचाखच भरलेलं कोर्ट खरं नाही हेही सांगा. बलात्काराचा खटला बंद दाराआड चालतो. भरल्या कोर्टात बोलावं लागेल या भीतीनं किती बायका पोलीस ठाण्याची पायरी चढत नाहीत!

गंगथडी
मग ‘थप्पड’ घेऊ का? आयांना हिंदी जमेल?

रीळवाला
हिंदीची काळजी मराठवाड्यात कशाला? अडचण त्या घराची आहे. दिल्लीतला बंगला बघून “मोठ्यांची थेरं” म्हणून मोकळ्या होतील. घेतलाच तर कामवाल्या सुनीताच्या धाग्यावरून चर्चा उघडा. ‘उंबरठा’ (१९८२) मराठी आहे, महिलाश्रमाचा कारभार आतून दाखवतो, पण अडीच तासांचा आहे आणि त्यात आत्महत्या आहे. या मिश्र गटाला पहिल्याच खेपेला जड होईल.

माझं मत ‘मिर्च मसाला’ (१९८७). सव्वादोन तासांच्या आत संपतो. सारा वसूल करणाऱ्या सुभेदाराला थोबाडीत मारून सोनबाई मिरचीच्या कारखान्यात आसरा घेते, आणि तिला सोपवून द्या म्हणून गावच मागं लागतं. हिंसा बहुतेक धमकीच्या रूपात आहे. मुखी (गावचा प्रमुख), पंच, शेजारणी, कोण का गप्प बसलं हे प्रत्येकीला आपल्या गावावरून सांगता येतं. शेवटच्या तिखटाच्या माऱ्यावर टाळ्या पडतील, त्या पडू द्या, पण चर्चा आधीच्या गप्प बसण्यावर आणा.

गंगथडी
जमलं, हाच घेतो. परवानगी कुठं मागायची?

काळा_कोट
निर्मिती एनएफडीसीची (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची) आहे, मुंबईला लिहा. पत्रात तारीख, हॉलचं नाव, प्रेक्षकसंख्या आणि “तिकीट नाही” हे स्पष्ट टाका. प्राचार्यांच्या सही-शिक्क्यानं पाठवा, आणि हॉलची तारीख उत्तर आल्यावरच पक्की करा.