बुव्हे बेटाला बुव्हेचंच नाव कशासाठी?

खारावारा: रात्री झोप येईना म्हणून नकाशात उगाच खाली खाली जात होतो तर आफ्रिकेच्या पार दक्षिणेला एक ठिपका, बुव्हे बेट. ४९ चौरस किमी, जवळपास सगळं बर्फाखाली, माणूस औषधालाही नाही. आता गंमत बघा, हा फ्रेंच दर्यावर्दी बुव्हे १ जानेवारी १७३९ ला धुक्यातून एक कडा बघतो, दक्षिणेच्या मोठ्या खंडाचं टोक सापडलं म्हणून खूश होतो, पाय ठेवत नाही आणि जागा नोंदवतो तीही चुकीची. पुढे कॅप्टन कुक शोधायला आला, त्याला काही मिळालंच नाही. मग नाव ह्याचं का? १८०८ मध्ये लिंडसे ह्या इंग्रज जहाजाच्या कप्तानाला ते परत सापडलं, त्याचं द्या ना.

टिवल्याबावल्या: अहो रेखांश काढायला भरवशाचं घड्याळ तेव्हा जहाजावर होतं कुठे, ते आलं १७६० नंतर. बर्फात लाकडी जहाज घालून बघा, मग चुका काढा. आणि बुव्हेने स्वतःचं नाव दिलंच नव्हतं! १ जानेवारी म्हणजे चर्चच्या पंचांगात येशूच्या सुंतेचा सण, म्हणून त्याने नाव ठेवलं सुंतेचं भूशिर.

खारावारा: 😂😂 नशीब त्या दिवशी दुसरं काही नव्हतं. पण चूक ती चूकच.

मधलीआळी: नॉरिस ह्या इंग्रज कप्तानाला विसरलात दोघं. १८२५ ला आला, लिव्हरपूल बेट म्हणाला, इंग्लंडच्या राजाच्या नावाने ताबाही सांगितला. शेजारी थॉम्पसन नावाचं अजून एक बेट नोंदवलं, ते आजतागायत कोणाला दिसलेलं नाही. १८९८ ला व्हाल्डिव्हिया ह्या जर्मन जहाजाने बुव्हेची जागा पक्की केली, थॉम्पसन काही सापडलं नाही. तेव्हा चुकांचं माप लावायचं तर सगळ्यांनाच लावा.

टिवल्याबावल्या: हेच म्हणतोय. १९२७ ला नॉर्वेवाले महिनाभर राहिले, झेंडा लावला, वाट्टेल ते नाव देता आलं असतं, तरी बुव्हेचंच ठेवलं. ह्याला म्हणतात मोठं मन.

खारावारा: मोठं मन कसलं! लिव्हरपूल म्हटलं असतं तर इंग्रजांचा दावा आपल्याच तोंडाने कबूल केल्यासारखं झालं असतं, फ्रेंच नाव सोयीचं पडलं, असं माझं मत. सगळ्यात उंच शिखर, ७८० मीटरचं, ते नॉर्वेजियन नावाचं ओलाव झालंच ना?

मधलीआळी: झालं. पण वायव्येचं टोक अजून सुंतेचंच आहे, त्याला कोणी हात लावला नाही.

खारावारा: ते राहू दे बाबा, तेवढं मान्य. लिंडसेचं मात्र मी सोडत नाही.