मदत हवी आहे: सातव्या महिन्यातलं जांघेचं दुखणं, फिजिओकडे आराम पडतो पण टिकत नाही

नमस्कार. पहिलीच वेळ, २८वा आठवडा चालू आहे. तीन आठवड्यांपासून पुढे ओटीपोटाच्या खाली अगदी मधल्या हाडावर आणि मागे कंबरेच्या खळग्यापाशी उजवीकडे दुखतंय. बसल्यावर फारसं काही नाही. पण रात्री कूस बदलायची म्हटलं की डोळ्यांत पाणी येतं. सलवार घालायला एक पाय उचलला की आत सुरी फिरते, त्यामुळे आता पलंगावर बसूनच घालते. राहते डोंबिवलीला, ऑफिस ठाण्याला. गाडीत कुणी ना कुणी जागा देतं, पण स्टेशनचा पूल मी एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढते आणि मागून चुकचुकणं ऐकते.

गायनॅक म्हणाल्या, होतं असं, आराम करा. लघवीची तपासणी नॉर्मल, बाळ छान. मीच हट्टाने फिजिओ शोधली. तिने उताणं झोपवून पाय सरळ ठेवून एकेक उचलायला लावला. उजवा जागचा हलेना. मग तिने माझी कंबर दोन्ही बाजूंनी हातांनी घट्ट दाबून धरली आणि म्हणाली, आता उचला. उचलला गेला! मला रडूच आलं. याला पेल्विक गर्डल पेन, म्हणजे कंबर-ओटीपोटाच्या हाडांच्या सांध्यांचं दुखणं म्हणतात, असं तिने सांगितलं.

तेव्हापासून ती कुशीवर झोपवून कुल्ल्याचे आणि मांडीच्या आतले स्नायू दाबून मोकळे करते. गुडघ्यांमध्ये स्वतःची मूठ धरून 'दाबा, सोडा' करायला लावते. निघताना मी माणसासारखी चालत जिना उतरते. दीड-दोन दिवस बरे जातात, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चार वेळा झालं. हे असंच असतं की तिचं काही चुकतंय? तिने व्यायामाचा कागद दिलाय, पण खरं सांगायचं तर ऑफिसहून आल्यावर होत नाही. सासूबाईंचं म्हणणं, गावच्या बाईकडून कंबर-पोट चोळून घे, मोकळी होशील. आणि नॉर्मल डिलिव्हरीचं काय?

प्रतिसाद १
मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमच्या फिजिओचं काही चुकत नाहीये. तो कागद फ्रिजवर लावा. हातांनी स्नायू सैल होतात आणि दुखणं तात्पुरतं उतरतं. त्या दोन दिवसांत व्यायाम करून घ्यायचा असतो, नाहीतर सांध्यावरचा भार होता तसाच. कुशीवर पडून गुडघ्यांमधली उशी पाच सेकंद दाबणं, श्वास सोडताना खालचं पोट हलकेच आत घेणं, एवढ्यानेही सुरुवात होते. सरसकट आराम हा यावर उपाय नाही.

साधारण पाचपैकी एका गरोदर बाईला हे होतं. पूर्वी सगळं खापर रिलॅक्सिन या गरोदरपणात सांधे सैल करणाऱ्या हार्मोनवर फोडायचे, पण त्याचं प्रमाण आणि दुखणं यांचा सरळ मेळ बसत नाही. तुमची कंबर दाबून धरल्यावर पाय उचलला गेला, म्हणजे कंबरेभोवती बांधायच्या आधाराच्या पट्ट्याचा उपयोग व्हायची शक्यता आहे. पुलावर, बाजारात तेवढा बांधा, दिवसभर नको. कुणी झटका देऊन 'हाड बसवतो' म्हणालं तर नाही म्हणा. दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका. आयबुप्रोफेन तर विसाव्या आठवड्यानंतर टाळायचंच.

रक्तस्राव, पाणी जाणं, ठरावीक वेळाने पोट कडक होणं, ताप, एकाच पोटरीला सूज, जांघेत बधिरपणा किंवा लघवी न कळणं, यातलं काहीही झालं तर फिजिओ राहू द्या, थेट हॉस्पिटल गाठा.

प्रतिसाद २
अगं, मी यातून गेलेय, लेक आता चार वर्षांची आहे. पलंगावर कमरेखाली जुनी गुळगुळीत रेशमी साडी अंथर. गुडघे जुळवून, मध्ये उशी धरून, खांदे-कंबर-गुडघे सगळं एकदम वळव. गाडीच्या सीटवर प्लॅस्टिकची पिशवी ठेव, आधी बूड टेकव, मग दोन्ही पाय मिळून आत. मांडी घालून बसणं आणि उकिडवं बसणं बंद. भारतीय संडासाने माझा जीव घेतला होता.

नॉर्मल झाली. गुडघे किती फाकले की दुखायला लागतं, ते अंतर नवऱ्याने टेपने मोजून लेबर रूममध्ये सांगितलं. नर्स हसली, पण कुशीवर घेतलं. नंतर दीडेक महिन्यात दुखणं गेलं.

प्रतिसाद ३
सासूबाईंना दुखवू नका, पण पोट चोळून घेऊ नका. वार सुटण्याची भीती असते. त्यांच्याकडून पाय हलक्या हाताने चेपून घ्या, त्यांनाही बरं वाटेल.

धागाकर्ती, बारा दिवसांनी
सगळ्यांचे आभार. साडीची युक्ती पहिल्याच रात्री चालली. उशीचा व्यायाम आता सकाळी चहाआधी पलंगावरच उरकते, संध्याकाळचा नाद सोडला. पट्टा फक्त पुलापुरता. परवाचं सेशन चार दिवस टिकलं; फिजिओ म्हणाली, आता दहा दिवसांनी या. सलवार अजून बसूनच. सासूबाई रोज रात्री पाय चेपतात आणि रोज विचारतात, पोट नाही ना चोळायचं?